विंचूबाईची रायफल

बर्डेट गावात ओपल टिडवेलबद्दल दोन मतं आहेत, आणि दोन्ही मतं बाळगणाऱ्यांच्या तोंडात मूठभर माती कोंबावी असं मला वाटतं. एक म्हणतो, काय वाघीण आहे बाई! दुसरा म्हणतो, ही आई आहे की कोण? हे दोघे कॅफेत एकाच टेबलावर बसतात, अंड्यांवर हिरव्या मिरचीचा रस्सा ओततात आणि तोंड भरलेलं असताना बोलतात. त्यांच्यातला एकही त्या दिवशी तिथं नव्हता. मी होतो. तिच्या उजव्या खांद्यामागे, हात लांबवला असता तर तिची टोपी उडवता आली असती इतका जवळ. तेव्हा आता मी बोलतो, आणि ज्याला मध्येच तोंड घालायचं असेल त्याने खुशाल उठून बाहेर जावं.

माझं नाव हॉबर्ट. जन्मभर गुराढोरांच्या पाण्याच्या पवनचक्क्या दुरुस्त केल्या. नेमबाजीच्या क्लबात मला 'कुरकुऱ्या' म्हणतात. तिथं खऱ्या नावाने कोणी कोणाला हाक मारत नाही. रविवारी आम्ही पणजोबांच्या काळातले कपडे चढवतो, कमरेला दोन पिस्तुलं लटकवतो, रायफल घेतो आणि घरचं नाव घरी ठेवून येतो. वॉल्टर प्रुइट, ज्याने सगळ्या गावाची तुंबलेली गटारं मोकळी केली आणि चर्चची पायरी कधी चढला नाही, तो आमचा 'पाद्री'. आणि ओपल म्हणजे 'विंचूबाई'. हे नाव मी दिलं, कारण पहिल्याच दिवशी तिने मला डंख मारला. मी म्हणालो, "बाई, रायफल जरा अशी धरा." ती म्हणाली, "तू आधी तुझी पँट धर. घसरतेय." घसरत होतीच, काय बोलणार!

ओपल गावातल्या किराणा दुकानात मागच्या बाजूला मांस कापायची. तिचे दंड माझ्या मांडीएवढे. डाव्या करंगळीचं पेर करवतीने नेलं, तेव्हा तिने हाताला फडकं गुंडाळलं आणि समोरच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "हाडासकट देऊ की बिनहाडाचं?" गिऱ्हाईक भोवळ येऊन पडलं ते वेगळंच.

तिचा नवरा डब. ट्रक चालवायचा, ढोसायचा आणि तिला बडवायचा. साऱ्या गावाला ठाऊक होतं आणि सारं गाव डोळ्यांवर कातडं ओढून बसलं होतं, मीही त्यातच. एक दिवस डबने स्वयंपाकघरात पट्टा काढला, तेव्हा ओपलने दुकानातून आणलेली गोठलेली डुकराची तंगडी उचलली आणि त्याच्या गळ्याजवळच्या हाडावर घातली. हाड मोडलं. तो पडला, तर तिने परत घातली. त्यानंतर त्याने हात उचलला नाही, आणि त्याच हिवाळ्यात ट्रक पुलाच्या कठड्यावर घालून मेला. त्यांचा एकुलता एक मुलगा, लायल, तेव्हा लहान होता. बापाचा मार आणि आईचा मार, दोन्ही त्याने टेबलाखाली बसून पाहिले. पोरानं त्यातून काय घ्यायचं ते घेतलं.

डब गेल्यावर ओपलने त्याची मासेमारीची बोट विकली आणि रायफल घेतली. जुन्या घाटाची, पितळी पोटाची, आठ कोनांच्या नळीची. चापाभोवती एक कडी असते, ती म्हणजे लिव्हर. खाली ढकलली की रिकामं काडतूस वरून उडतं, वर ओढली की नवं आत बसतं. ओपलने ती कडी घासूनपुसून, आतले भाग बदलून इतकी आखूड चालीची करून घेतली होती की तिच्या रायफलीचा आवाज शिवणयंत्रासारखा यायचा. पोलादी पाट्या एकामागून एक टणटणायच्या, आणि शेवटची वाजेपर्यंत पहिलं काडतूस जमिनीला टेकलेलं नसायचं. हे मी वाढवून सांगतोय, पण फार नाही.

गोळ्या मात्र फुसक्या. आमच्यात सगळ्यांच्याच फुसक्या असतात. दारू कमी भरायची म्हणजे धक्का कमी बसतो आणि हात लवकर चालतो. पाटीवर टण्ण वाजलं की झालं, पाटीला काही मारायचं नसतं. पाद्री म्हणायचा, "विंचूबाईच्या गोळीला वाटेत थांबून पाणी प्यायची सवय आहे." रायफलीत दहा भरायच्या आणि दहाच्या दहा उडवायच्या. मध्ये थांबलेला माणूस हरतो. थांबायचं नाही, हेच तर हाताला शिकवायचं असतं. ओपलने वर्षानुवर्षं, रोज दुकान बंद झाल्यावर, परसात उभं राहून रिकाम्या रायफलीवर ते हाताला शिकवलं.

आमचे नियम चर्चपेक्षा कडक. कोणाचंही हत्यार भरलेलं नसतं. कमरेला लटकतात ती सगळी रिकामी. ज्याची पाळी आली त्यानेच एका टेबलापाशी, दुसऱ्याच्या नजरेखाली, भरायचं. नळी कायम समोरच्या मातीच्या बांधाकडे. मागे वळली, तर त्या दिवसापुरतं घरी. उडवून झालं की लिव्हर उघडी टाकून रायफल खाली ठेवायची, आत काही नाही हे सगळ्यांना दिसलं पाहिजे.

आणि वाक्य. प्रत्येक डावाआधी नेमबाजाने एक वाक्य ठणकावून म्हणायचं असतं. "बँक माझी आणि तुम्ही सगळे मेलात!" असलं काहीतरी. वेळ मोजायचं काम माझं, आणि ते म्हटल्याशिवाय मी टायमरचं बटण दाबत नाही. मागे बसलेले शिट्ट्या मारतात, "अरे घाल त्याला!" म्हणून ओरडतात. बारा महिने आम्ही एकमेकांना ठार मारण्याच्या धमक्या देतो आणि नंतर एका पातेल्यातले बीन्स खातो.

लायल याच सगळ्यात वाढला. त्याला आम्ही 'पिल्लू' म्हणायचो. पाद्रीने त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं, रायफल धरायला शिकवलं, पोराने पट्ट्याचं पहिलं बक्षिसाचं बक्कल जिंकलं तेव्हा पाद्रीच रडला. पोरगं गोड हसायचं. मोठा झाल्यावर तेलाच्या विहिरींवर कामाला गेला आणि येताना मारिसेलाला घेऊन आला. बारीक चणीची, हसताना तोंडावर हात धरणारी पोरगी. लग्नात मी नाचलो होतो. मग ती पायऱ्यांवरून पडायला लागली. मग दारावर आपटायला लागली. डबच्या घरातही असंच सगळं आपटायचं.

एका भर दुपारी ती ओपलच्या दारात उभी राहिली. जबडा एका बाजूला सुजून लोंबत होता, पाय अनवाणी, हातात एक पिशवी. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं. ओपलने तिला पाहिलं आणि म्हणाली, "आत ये. बूट काढायला नकोत, नाहीतच." तिला डॉक्टरकडे नेलं, जबडा तारांनी बांधून आणला, आणि लायलच्या जुन्या खोलीत झोपवलं. मारिसेला तारांतून पहिलं वाक्य बोलली ते असं, "आई, तो मला सोडणार नाही. तुम्ही त्याला ओळखता."

"ओळखते," ओपल म्हणाली. "जन्म दिलाय."

लायल दुसऱ्याच दिवशी दुकानात आला. मी तिथंच होतो, बरगड्या घ्यायला.

"आई, माझी बायको दे."

"ती काय कोंबडी आहे, कागदात बांधून द्यायला?"

"मस्करी नको. मी तिचा नवरा आहे."

"तुझा बापही माझा नवरा होता. त्याचं हाड मोडलं तेव्हा तू टेबलाखाली होतास ना?"

त्याने मुठीने काचेची पेटी फोडली. आतल्या मांसावर काचा सांडल्या, त्याच्या हातातून रक्त गळायला लागलं, आणि तो अगदी शांत आवाजात म्हणाला, "मी तिला मारून टाकीन. तुझ्यासमोर मारीन. बघच."

ओपलच्या हातात हाडं फोडायचा सुरा होता. तो तिने खाली ठेवला. "लायल, नीट ऐक. तिच्या अंगाला परत हात लागला तर मी तुला गोळी घालीन."

"तुझ्या त्या फुसक्या गोळ्यांनी?"

"मग दहाच्या दहा घालीन."

तो मांसावर थुंकला आणि गेला. ओपलने ती सगळी पेटी रिकामी करून कचऱ्यात टाकली, लादी पुसली, आणि बर्फाच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आतून असा आवाज येत होता की मला बरगड्या नकोशा झाल्या. बाहेर आली तेव्हा पापण्यांवर दव गोठलं होतं. मला म्हणाली, "क्लबात बोलशील तर जीभ कापीन." मी फक्त पाद्रीला सांगितलं. पाद्री म्हणाला, "पोरगं आहे, शरमेल. येईल बघ एक दिवस आईच्या पाया पडायला."

लायलने मारिसेलापासून लांब राहावं म्हणून न्यायाधीशाने हुकूम काढला. हुकमाने कधी मुक्का अडलाय? पोलिसातल्या डेप्युटीने त्याच्या घरातली हत्यारं काढून नेली, आणि त्याने कुठून तरी एक आणलं. आमच्या मुलखात बंदूक मिळवणं म्हणजे खोकला मिळवण्याइतकं सोपं.

वाऱ्याचा रविवार होता. वाळू दातांत करकरत होती. ओपलने मारिसेलाला सोबत आणलं होतं, घरी एकटी नको, डोळ्यांसमोर राहील म्हणून. जबड्याच्या तारा निघाल्या होत्या. ती ताडपत्रीखाली बसून गुण मांडत होती आणि पाद्री तिच्याकडे जाऊन सारखा म्हणत होता, "माझा एक वाढव ना गं, कोण बघतंय?" ती तोंडावर हात धरून हसत होती. खूप दिवसांनी हसली असेल.

ओपलची पाळी आली. तिने टेबलापाशी रायफल भरली, पुढे आली, आणि डावासाठी उभारलेल्या खोट्या लाकडी सलूनच्या, म्हणजे जुन्या काळच्या दारूच्या गुत्त्याच्या, खिडकीत रायफल ठेवली. मी टायमर धरून मागे उभा. "तयार, विंचूबाई?" म्हणालो. तिने वाक्य म्हणायला तोंड उघडलं, आणि आमच्या मागे टाळ्या सुरू झाल्या.

मला वाटलं तिच्यासाठीच आहेत. मग कोणीतरी ओरडलं, "अरे, पिल्लू आला! पिल्लू आला रे!" मी वळून पाहिलं. गाड्यांच्या बाजूने लायल येत होता. काळा लांब कोट, जुनी टोपी, कमरेला पट्टा. आमच्यातलाच एक दिसत होता. आमच्यातलाच होता. किती वर्षांनी आला म्हणून बायका उठून उभ्या राहिल्या.

"मारिसेला!" तो ओरडला. "ऊठ! तुला न्यायला आलोय! गाडीतून ये नाहीतर शवपेटीतून ये!"

काय हशा पिकला! शिट्ट्या, टाळ्या. "वा रे पठ्ठ्या, काय वाक्य आहे!" एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "परत म्हण, मागे ऐकू नाही आलं!" आणि त्याने परत म्हटलं. त्याने पिस्तूल काढलं तेव्हाही लोक टाळ्या वाजवत होते, कारण आमच्या मैदानावर कमरेचं पिस्तूल भरलेलं नसतं. नसतंच. एका बाईने तर त्याला दटावलं, "अरे म्यानात घाल ते, आजच्या दिवसापुरतं घरी पाठवतील तुला." आम्ही धमक्यांना टाळ्या वाजवायची इतकी सवय लावून घेतली होती, की खरी धमकी आली तेव्हा तिलाही वाजवल्या. मी टायमर हातात धरून तिकडे बघत उभा राहिलो.

पाद्री हात पसरून त्याच्याकडे निघाला. म्हातारा रडत होता. "ये रे पिल्ला. आलास ना शेवटी? दे ते इकडे, आणि आईला..."

लायलने त्याच्या पोटात गोळी घातली.

आमच्या गोळ्या फट् वाजतात. ही धाडकन वाजली. त्या एका आवाजाने साठ माणसांच्या टाळ्या जागच्या जागी थांबल्या. पाद्री खाली बसला, पोटावरचा हात उघडून पाहिला आणि म्हणाला, "अरे, खरी आहे." मग आडवा झाला.

त्यानंतर जे माजलं ते देव कोणाला न दाखवो. साठ माणसं, प्रत्येकाच्या कमरेला दोन पिस्तुलं, आणि एकातही गोळी नाही. माणसं गाड्यांखाली घुसली, एकमेकांवर पडली. एकाने रिकामं पिस्तूल काढून लायलवर चाप ओढला, नुसतं खट् झालं, तेव्हा ते त्याने दगडासारखं फेकून मारलं. लायलच्या कपाळाला लागलं, रक्ताचा ओघळ डोळ्यात आला, आणि तो आणखी चवताळला. मारिसेला टेबल पाडून त्याच्यामागे दडली होती. त्याने टेबलातूनच गोळी घातली. तिची किंकाळी ऐकली आणि कळलं, लागली. मांडीत लागली होती. मग त्याने तिला केसांना धरून बाहेर ओढलं. वाळूवर रक्ताचा पट्टा उमटत गेला. ती त्याच्या मनगटाला चावली तर त्याने पिस्तुलाच्या दस्त्याने तिच्या तोंडावर मारलं, त्याच जबड्यावर.

लायलचं सोडलं तर भरलेलं हत्यार सगळ्या मैदानावर एकच होतं. ओपलने ते उचललं आणि मागे वळली.

आणि मी, गाढवाचा गाढव, सवयीने ओरडलो, "नळी समोर!"

"गप रे, हॉबर्ट," ती म्हणाली. लिव्हर खाली, वर. पहिलं काडतूस आत गेलं. तो आवाज लायल लहानपणापासून ओळखत होता. त्याने वर पाहिलं.

"सोड तिला, लायल."

"तू? मला?" तो हसला. लहानपणी हसायचा तसाच, गोड. "आई, तू नाही मारणार."

"सोड, बाळा. सोड ना रे."

ती त्याला विनवत होती, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, वाघीण म्हणणाऱ्यांनी आणि आई आहे की कोण म्हणणाऱ्यांनी दोघांनीही ऐकावं. त्याने पिस्तूल मारिसेलाच्या कानाला लावलं आणि घोडा मागे ओढला.

शिवणयंत्र चालू झालं. पहिली गोळी त्याच्या खांद्यात गेली, आणि त्याचा हात वर उडाला, आणि त्याच्या पिस्तुलातली गोळी आकाशात सुटली. फुसक्या गोळ्या, त्यात जाड कोट. तो पडला नाही. मागे सरकत राहिला, प्रत्येक गोळीला एकेक पाऊल, कोणी छातीवर बोट टोचून ढकलावं तसा. चौथीला की पाचवीला पिस्तूल हातातून गळलं. मी पाहिलं. तिनेही पाहिलं असेल. पण हात थांबला नाही. पोट, छाती, तळहात मध्ये धरला तर तळहात. गुडघ्यांवर आला तरी चालूच. उडालेली काडतुसं माझ्या छातीवर आपटत होती, गरम. "ओपल!" मी ओरडत होतो, "ओपल, पुरे! पुरे गं!" दहा म्हणजे दहा. शेवटी लिव्हर उघडली आणि आत काही नव्हतं.

तिने काय केलं माहीत आहे? लिव्हर उघडी ठेवून रायफल सलूनच्या खिडकीत ठेवली, नळी बांधाकडे, अगदी नियमाप्रमाणे. मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडून जे निघालं त्याला शब्द नव्हते. ती धावली.

पाद्री मेला होता. मारिसेलाच्या मांडीला आम्ही पट्टे आवळले, तरी रक्त वाळूत मुरत होतं. आणि लायल जिवंत होता. जड गोळ्या असत्या तर पहिल्या दोन-तीनमध्येच सुटला असता. या गोळ्यांनी त्याला सोडलंही नाही आणि ठेवलंही नाही. ओठांवर लाल बुडबुडे येत होते, फुटत होते. ओपलने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो तिला शिव्या देत होता, अशा घाण शिव्या की मला त्याच्या तोंडावर बूट ठेवावासा वाटला. मग मध्येच म्हणाला, "आई, पाय गार पडलेत." तिने शाल काढून पायांवर घातली.

ॲम्ब्युलन्स एकच आली. बर्डेटला एकच आहे. तिच्यावर कामाला असलेली पोरगी कोवळी होती, शाळेत असताना ती दुकानात यायची तेव्हा ओपलने तिला कितीदा सॉसेज फुकट दिलं असेल. आधी लायलपाशी बसली, मग मारिसेलापाशी, मग परत लायलपाशी. डेप्युटीही तोवर पोचला होता. तो म्हणाला, "दोघांना एका गाडीत नाही घालता येणार. जिला मारायला आला तिच्याच शेजारी झोपवू?" दुसरी गाडी पलीकडच्या जिल्ह्यातून निघाली होती. ती केव्हा येईल कोण सांगणार.

"मग एकच," पोरगी म्हणाली. "त्याला नेलं तर कदाचित... आणि ती मग टिकेल की नाही सांगता येत नाही. तिला नेलं तर ती जगेल. तो मात्र..." ती डेप्युटीकडे बघायला लागली, डेप्युटी आपल्या बुटांकडे. मग तिने, ठाऊक असूनही, ओपलला विचारलं, "तुम्ही... तुम्ही यांच्यातल्या कोणाच्या कोण, बाई?"

"आई आहे," ओपल म्हणाली. "दोघांची."

"मग तुम्हीच सांगा."

असं कोणी आईला विचारतं का? पण त्या पोरीला तरी काय बोल लावू, तिच्यावर आभाळ कोसळलं होतं. फक्त वारा, आणि मारिसेलाचे दात वाजत होते. ओपलने तिच्याकडे पाहिलं. ओठ निळे पडले होते, सुजलेला जबडा परत एका बाजूला गेला होता, डोळे उघडे होते आणि ते ओपलवरच होते. ती काही मागत नव्हती. मग ओपलने मांडीवरच्या डोक्याकडे पाहिलं.

"तिला घ्या," ती म्हणाली.

लायलने ऐकलं. शिव्या थांबल्या. त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, आणि तो आवाज डबच्या पोराचा नव्हता, तेलाच्या विहिरीवरच्या माणसाचा नव्हता, टेबलाखाली बसलेल्या पोराचा होता.

"आई, मी?"

"मी आहे ना इथं. मी आहे."

गाडी गेली. धूळ बराच वेळ खाली बसली नाही. ओपलने आपली टोपी त्याच्या चेहऱ्यावर सावलीसाठी धरली, दुसऱ्या हाताने ओठ ओले करत राहिली. तो नुसता तिच्याकडे बघत राहिला. दुसरी गाडी आली तेव्हा तिच्यातल्या माणसांना घाई करायचं कारण उरलं नव्हतं. टोपी धरलेला हात तिने खाली घेतला नाही, आम्हाला बोटं एकेक करून सोडवावी लागली.

कोर्टातल्या पंचांनी सांगितलं, तिचा काही गुन्हा नाही. क्लबाने तिच्यासाठी चांदीचं बक्कल करून घेतलं, त्यावर 'शूर' असं कोरून. अध्यक्ष ते तिच्या घरी घेऊन गेला, तेव्हा तिने ते त्याच्याच तोंडावर फेकलं आणि त्याचा पुढचा दात पाडला. बरं झालं. मी असतो तर दोन पाडले असते.

मारिसेला जगली. लंगडते. ओपलच्याच घरात राहते, दोघी बीन्समधल्या मिठावरून कडाकडा भांडतात, आणि लायलच्या खोलीचं दार बंद असतं. मी अधूनमधून जातो. परवा ओपल मागच्या पायरीवर बसली होती. मी शेजारी बसलो. कॅफेतले दोघे काय काय बोलतात ते मी बरळलो, आणि म्हणालो, "ओपल, त्या दहा गोळ्यांचं मनावर घेऊ नकोस. तो तुझा हात होता. आपला हात थांबत नाही, मला ठाऊक आहे."

"गोळ्यांचं कोण बोलतंय?" ती म्हणाली. "गोळ्या हाताने घातल्या. त्यातून तो वाचलाही असता, ती गाडीवरची पोरगी म्हणाली होती ना, कदाचित म्हणून. मी त्याला मारलं ते नंतर. दोन शब्दांनी. तेव्हा हात नव्हता, हॉबर्ट, तेव्हा मीच होते. त्याने ऐकलंसुद्धा."

मला सुचेल ते मी बोललो. तसं नसतं गं, असं म्हणालो. दुसरा काय इलाज होता, असं म्हणालो.

"तसंच असतं," ती म्हणाली. "आणि आज पुन्हा विचारलं ना कोणी, तर मी तेच सांगेन. तो 'आई, मी?' म्हणेल, आणि मी तरी तेच सांगेन. हे घेऊन कुठं जाऊ, सांग."